थांबण्याची ऐपत कोणाकडे? कंपन्यांचे दीर्घ संशोधन आणि आपला वाटा



मिरजेत दर रविवारी आम्ही काही जण विहारात अभ्यासवर्ग घेतो. मागच्या महिन्यात विषय होता विज्ञान आणि बहुजन समाज. बोलता बोलता कुणीतरी सांगितले की मोठ्या कंपन्या दहा-दहा, वीस-वीस वर्षे अशा संशोधनावर पैसा घालतात, की ज्यातून विकायला काय निघेल हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नसते. त्यावर रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली तासगावकडची एक मुलगी म्हणाली, "दादा, कंपनी नफ्यासाठीच असते ना? मग ती एवढी वर्षं थांबते कशी? माझ्या घरचे तर पीएचडीची पाच वर्षं थांबायला तयार नाहीत. आणि त्यांचंही काही चुकत नाही. आई बागेत रोजंदारीवर जाते."

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यात खरे तर दोन प्रश्न होते. नफ्यासाठी जन्मलेली कंपनी का थांबते? आणि ज्ञानाची भूक असलेले घर का थांबू शकत नाही? आमचे म्हणणे असे की या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते शोधायला आधी अमेरिकेला जायची गरज नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मातीतच पुष्कळ पुरावा आहे.

नांगर, कंदील आणि औंधची जमीन

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. आज किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावरून जाणाऱ्याला वाटते की हे सगळे सरळ रेषेत घडले. तसे नव्हते. लोखंडाच्या नांगराने जमिनीत विष पसरते, असा तेव्हाच्या शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागल्याचे सांगतात. तयार माल अंगणात पडून, कारागिरांचा पगार मात्र दर महिन्याला द्यायचा. त्यात बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली. १९१० मध्ये औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळच्या माळावर जमीन दिली, पैशाची मदत केली, आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

कराडजवळ ओगलेवाडी आहे. १९१६ च्या सुमारास ओगले बंधूंनी तिथे काचेचा कारखाना सुरू केला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील पुढे महाराष्ट्रभर घरोघरी गेला. ही जागाही औंध संस्थानातलीच. काच करणे म्हणजे नुसती वाळू वितळवणे नव्हे. वाळू कुठली, भट्टीची आच किती, चिमणी तडकते का, हे सगळे हात भाजून शिकावे लागते, आणि शिकण्याच्या काळात निघणारा माल फेकून द्यावा लागतो.

हे नांगर आणि कंदील गावोगाव पोहोचवणाऱ्यांत एक फिरते विक्रेते होते भाऊराव पाटील. होय, तेच कर्मवीर भाऊराव. विक्रीच्या निमित्ताने त्यांनी खेडी पाहिली, आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथील सत्यशोधक परिषदेत रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. नांगर विकणारा माणूस शाळा पेरून गेला. कारखान्याच्या कुठल्या हिशेबाच्या वहीत ही मिळकत दिसणार आहे?

आता प्रामाणिकपणे एक फरक करू. नांगर सुधारणे हे मूलभूत संशोधन नव्हे. काय विकायचे हे लक्ष्मणरावांना ठाऊक होते, ते कधी खपेल एवढेच ठाऊक नव्हते. तरीही मधला काळ कुणीतरी सोसावा लागलाच. तो सोसायला एक संस्थान पाठीशी उभे राहिले. लक्ष्मणरावांची जिद्द आम्ही नाकारत नाही. पण गावच्या लोहाराच्या अंगी तेवढीच जिद्द आणि तेवढेच कसब असेल, तर त्याला माळावरची जमीन कोण देणार होते? इतिहासाच्या पुस्तकात जिद्दीवर धडा असतो, जमिनीवर नसतो. आम्हाला दोन्ही मोजायचे आहेत.

फलटणची मेंढी

याहून लांबचे थांबणे पाहायचे तर फलटणला जावे. शेती आणि बियाण्यांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. ही कंपनी नव्हे, ना-नफा संस्था आहे. तिथे करडईवर काम झाले, गोड ज्वारीवर झाले, आणि मेंढीवरही झाले.

आपली दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ नावाची लहानखुरी मेंढी मात्र दोन-तीन कोकरे देते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तिथल्या बुरूला नावाच्या मेंढ्यांमध्ये जुळी-तिळी होण्याचा गुण दिसत असे. तो गुण ज्या जनुकामुळे येतो ते २००१ मध्ये शास्त्रज्ञांना सापडले, आणि गरोळ मेंढीतही नेमका तोच बदल आढळला. फलटणला १९९० च्या दशकात गरोळ आणि दख्खनी यांच्या संकराचे काम सुरू झाले होते. पिढीमागून पिढी मेंढ्या वाढवायच्या, कोकरे मोजायची, वजने घ्यायची, पुन्हा संकर करायचा. जनुक ओळखण्याची चाचणी आली आणि काम सोपे झाले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधन संस्था सोबत होत्या. त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. मेंढपाळाच्या कळपात ती यायला दशकाहून अधिक काळ गेला.

महात्मा फुल्यांचे मूळ गाव कटगुण याच सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातले. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी सरकारला सुचवले होते की परदेशातल्या उत्तम शेळ्या-मेंढ्यांची पैदास इथे करावी, म्हणजे शेताला खत मिळेल आणि लोकरीचाही फायदा होईल. म्हणजे ज्याला आज संशोधन आणि विकास म्हणतात, त्याचा कार्यक्रम जोतीरावांनी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मांडला होता. तोही प्रयोगशाळेच्या बाजूने नव्हे, शेतकऱ्याच्या बाजूने. पण तेव्हाच्या सरकारला सारा वसूल करण्याची घाई होती. थांबायची तयारी नव्हती.

मग कंपन्या थांबतात तरी का?

हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनाही पडला होता. १९५९ मध्ये रिचर्ड नेल्सन यांनी मांडले की मूलभूत ज्ञान हे कुंपण घालता न येणाऱ्या रानासारखे असते. एकाने खर्च करून शोधले, तरी ते दहा जण वापरतात. म्हणून खासगी कंपनी अशा कामावर समाजाला हवा तेवढा खर्च करणार नाही. १९९० मध्ये नेथन रोझेनबर्ग यांनी उलट बाजूने विचारले, की मग काही कंपन्या स्वतःच्या खिशातून मूलभूत संशोधन करतात त्या कशासाठी? इतिहास पाहिला तर आम्हाला चार कारणे दिसतात.

पहिले कारण सुरक्षित उत्पन्न. अमेरिकेतल्या बेल लॅब्जचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९२५ मध्ये ही प्रयोगशाळा स्थापन झाली, डिसेंबर १९४७ मध्ये तिथे ट्रान्झिस्टर तयार झाला. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत. पण बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टी होती, आणि अमेरिकेतल्या टेलिफोनवर तिची जवळजवळ मक्तेदारी होती. शास्त्रज्ञांचा पगार शेवटी टेलिफोन वापरणाऱ्या प्रत्येक घराच्या बिलातून येत होता. स्पर्धक नाही, गिऱ्हाईक कुठे जाणार नाही, मग वीस वर्षे थांबायला काय हरकत? १९८४ मध्ये ही मक्तेदारी मोडली आणि त्यानंतर त्या प्रयोगशाळेचे वैभवही ओसरत गेले. कंपनीचा विज्ञानप्रेमी स्वभाव बदलला नव्हता, तिचे बसून खाण्याचे दिवस संपले होते.

दुसरे कारण, पुढे काय येईल याची भीती. ड्यूपाँ ही रसायनांची कंपनी. १९२७ मध्ये तिथल्या चार्ल्स स्टाइन यांनी कंपनीला शुद्ध विज्ञानासाठी पैसे द्यायला राजी केले. १९२८ मध्ये हार्वर्डमधून वॉलेस कॅरदर्स हा तरुण रसायनशास्त्रज्ञ आणला. लांबलचक रेणू कसे जुळतात हे समजून घे, एवढेच त्याचे काम. १९३५ मध्ये त्याच्या गटाला नायलॉन सापडले, १९४० मध्ये नायलॉनचे मोजे दुकानात आले. कामाला सुरुवात झाली तेव्हा नायलॉन हा शब्दही नव्हता. पण कंपनीला एवढे कळत होते की रसायनशास्त्र बदलते आहे आणि उद्या दुसऱ्याने काही शोधले, तर आपले दुकान बंद पडेल. शेतकरी एकाच पिकावर सगळे रान लावत नाही, बांधाला चार ओळी तुरीच्या टाकतो. तशीच ही तजवीज.

तिसरे कारण, दुसऱ्याचे ज्ञान समजण्याची पात्रता. जगात रोज नवे शोध छापून येतात. ते वाचायला मिळतात, पण वाचून कळायला घरात जाणकार माणूस लागतो. कंपनी शास्त्रज्ञ ठेवते ते केवळ त्याने नवीन शोधावे म्हणून नव्हे. बाहेर कुणी शोधले तर ते आपल्याला सर्वांत आधी समजावे म्हणूनही ठेवते. घरात एक जण शिकलेला असला की सगळ्या घराला सरकारी कागद कळतो, तसेच हे.

चौथे कारण, माणसे आणि नाव. चांगला शास्त्रज्ञ नुसत्या पगाराला येत नाही. त्याला त्याचा प्रश्न सोडवू द्यावा लागतो, निबंध छापू द्यावा लागतो. शिवाय प्रयोगशाळा असलेली कंपनी सरकारदरबारी आणि बाजारात वजनदार दिसते. आपल्याकडे टाटांचे उदाहरण आहे. जमशेटजी टाटांनी १८९८ मध्ये संशोधन विद्यापीठासाठी ३० लाखांची मालमत्ता देऊ केली. त्यातून १९०९ मध्ये बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था झाली. पुढे १९४५ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था झाली, आणि १९८१ मध्ये पुण्यात टाटांचे संशोधन केंद्र निघाले. त्या केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याच्या तंत्रावर काम झाले. पुढे २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' हे वीज न लागणारे जलशुद्धी यंत्र बाजारात आले. तूस आपल्या भातगिरणीमागे ढिगाने पडलेला असतो. त्यातून काय होऊ शकते हे पाहायला वेळ असलेला माणूस लागला.

या चारही कारणांत दान नाही. तो हिशेबच आहे, फक्त लांब मुदतीचा. आणि तो हिशेब चुकतोही. झेरॉक्स कंपनीने १९७० मध्ये कॅलिफोर्नियात प्रयोगशाळा काढली. पडद्यावर चित्रे, खिडक्या आणि माउस यांनी चालणारा संगणक तिथे तयार झाला. पण त्याचा मोठा व्यापारी फायदा दुसऱ्यांनी घेतला. अॅपलची माणसे १९७९ मध्ये ती प्रयोगशाळा पाहून गेली आणि १९८४ मध्ये त्यांचा मॅकिंटॉश बाजारात आला. झेरॉक्सला लेझर प्रिंटरने हात दिला म्हणून ती तगली. पेरणारा एक, कापणारा दुसरा.

पेरणारा एक, कापणारा दुसरा

हे वाक्य आमच्या समाजाला परके नाही. पण इथे त्याची एक उजळ बाजूही आहे.

बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर वर्षभरातच हा मुलगा भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनावर उतरला. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना, आणि वाटेत प्यायला पाणीही मिळाले नाही. स्वतः बाबासाहेबांनीच हा प्रसंग लिहून ठेवला आहे. मसूर ते ओगलेवाडी फार अंतर नाही.

याच मुलाला पुढे १९१३ मध्ये बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. करार होता, परत येऊन दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला गेले. कचेरीत शिपाई फायली अंगावर फेकत. राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या माणसांनी हाकलले. काही दिवसांतच त्यांना बडोदा सोडावे लागले.

कंपनीच्या भाषेत सांगायचे तर बडोदा संस्थानची ही गुंतवणूक बुडाली. दहा वर्षांच्या नोकरीतले जवळजवळ काहीच वसूल झाले नाही. पण त्या साडेअकरा पौंडांतून या देशाला संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष मिळाला. सयाजीरावांनी पेरले, पीक सगळ्या देशाच्या खळ्यावर आले. नेल्सन यांनी जे सिद्धांत म्हणून मांडले, ते आमच्या घराघरात फोटो लावलेले सत्य आहे. ज्ञानावर केलेल्या खर्चाचा लाभ खर्च करणाऱ्याला मिळेलच असे नाही, समाजाला मात्र त्याच्या कितीतरी पट मिळतो. म्हणूनच हा खर्च केवळ नफ्याच्या हिशेबावर सोडता येत नाही.

मग एकट्याला परवडत नाही ते कसे करायचे? याचेही उत्तर आपल्याच भागात आहे. फलटण तालुक्यातल्या पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे, सार्वजनिक पैशावर चालणारे. आज राज्यातल्या उसाच्या मोठ्या क्षेत्रावर असलेला को ८६०३२ हा वाण कोइमतूरच्या सरकारी संस्थेत निघाला आणि पाडेगावच्या चाचण्यांनंतर १९९६ मध्ये महाराष्ट्रासाठी शिफारस झाला. त्याच्या नावातले ८६ म्हणजे १९८६ साल. निवड ते शिफारस यात १० वर्षे गेली. कोणता एकटा साखर कारखाना एका बेण्यासाठी १० वर्षे थांबला असता? आणि थांबला असता तरी शेजारच्या शेतकऱ्याने एक मोळी नेली की बेणे सगळीकडे झालेच. म्हणून १९७५ मध्ये सहकारी कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरीला साखर संशोधन संस्था काढली. सांगलीच्या वसंतदादा पाटलांचे नाव तिला पुढे दिले गेले. सगळ्यांनी वर्गणी द्यायची, सगळ्यांनी ज्ञान वापरायचे. एकट्याला थांबणे परवडत नव्हते, पण एकत्र आल्यावर परवडले.

कंपनीच्या थांबण्यात आपलाही पैसा

आता आजच्या काळाकडे येऊ. २०२०-२१ च्या सरकारी आकडेवारीनुसार भारत संशोधनावर देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के. अमेरिका, चीन, जपान, दक्षिण कोरिया यांच्याकडे उद्योगांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर आहे. आपल्या कंपन्या थांबत नाहीत. तयार तंत्र विकत घ्यायचे आणि माल काढायचा, ही त्यांची रीत.

त्यांनी थांबावे म्हणून सरकार काय करते? प्राप्तिकर कायद्याच्या ३५(२कख) या कलमाखाली कंपनीने स्वतःच्या प्रयोगशाळेत १०० रुपये खर्च केले, तर करासाठी २०० रुपये खर्च धरला जात असे. ही सवलत २०१७ पासून १५० वर आणि २०२० पासून १०० वर आली. म्हणजे कंपनीच्या संशोधनात इतकी वर्षे जनतेचा बुडालेला कर होता. २०२३ मध्ये संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोपक्रम यांसाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातून खासगी क्षेत्राला लांब मुदतीचा पैसा अल्प किंवा शून्य व्याजाने मिळणार आहे. तोही अगदी मूलभूत शोधासाठी नव्हे, तर प्रयोगशाळेत कल्पना काही प्रमाणात सिद्ध झाल्यानंतरच्या टप्प्यांसाठी.

आम्ही या योजनेच्या विरोधात नाही. देशाने थांबायला शिकावे हे आम्हालाही वाटते. पण हिशेब सरळ मांडू. औंधच्या माळावरची जमीन आता १ लाख कोटींची झाली आहे. कंपनीला थांबण्यासाठी बिनव्याजी पैसा देण्यात काही चुकीचे नाही असे सरकारला वाटते. मग एम.एस्सी. झालेल्या शेतमजुराच्या मुलीला पाच वर्षे थांबण्यासाठी फेलोशिप मागितली, की ती खैरात कशी होते? ती वेळेवर मिळावी म्हणून विद्यार्थ्यांना मैदानात का बसावे लागते? कंपनीचे थांबणे म्हणजे दूरदृष्टी, आणि आमचे थांबणे म्हणजे सरकारवर बोजा? हा न्याय कुठला?

प्रश्न कोण विचारणार?

यापुढचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जो थांबण्याचा खर्च करतो, तोच ठरवतो की शोधायचे काय.

ऊस संशोधनात साखरेचा उतारा वाढला, रोगाला न बळी पडणारे बेणे आले. चांगलेच झाले. पण सांगली-साताऱ्याच्या फडात बीडकडून येणारी बाई पहाटे कोयता घेते आणि डोक्यावर मोळी वाहते. तिची कंबर, तिची झोपडी, तिचे बाळंतपण हे किती वर्षे संशोधनाचे विषय होते? ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला, तेव्हा कुठे २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. मैला हाताने साफ करण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ मध्ये झाला, पुन्हा २०१३ मध्ये झाला. आपण चंद्रावर यान उतरवले. पण गटारात माणसाऐवजी उतरणारे यंत्र करायला केरळमधल्या काही तरुण अभियंत्यांना पुढे यावे लागले, आणि ते २०१८ मध्ये रस्त्यावर आले. हे तंत्र चंद्रयानाहून अवघड होते का? नव्हते. तो प्रश्न ज्यांच्या घरातला होता, ती माणसे प्रयोगशाळेत नव्हती, आणि ज्यांच्या हातात पैसा होता, त्यांच्या घरातला तो प्रश्न नव्हता.

काही जण म्हणतील, संशोधनात जात कुठून आणता? गुणवत्ता असेल तर कंपनी कुणालाही घेते. आम्ही एवढेच विचारतो की गुणवत्ता तयार व्हायला जी दहा-पंधरा वर्षे लागतात, त्या काळात घर कोण चालवते? ज्याच्या आजोबांची जमीन होती, वडिलांची नोकरी होती, तो मुलगा पस्तिशीपर्यंत प्रयोग करू शकतो. चुकला तर पुन्हा करू शकतो. आमच्या मुलाचा पहिला प्रयोग चुकला, की तो दुसऱ्या दिवशी एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागतो. चुकण्याची मुभा हीसुद्धा एक मालमत्ता आहे, आणि इतर मालमत्तांसारखीच ती या देशात वारशाने मिळते.

तासगावच्या मुलीला उत्तर

तर त्या मुलीला आम्ही जे सांगितले ते इथे लिहून ठेवतो.

कंपनी थांबते, कारण थांबण्याचा खर्च तिच्या आजच्या पोटातून जात नाही. तो मक्तेदारीच्या नफ्यातून जातो, गिऱ्हाइकाच्या बिलातून जातो, करसवलतीतून जातो, कधी संस्थानिकाच्या जमिनीतून जातो. तुझे घर थांबत नाही, कारण तिथे थांबण्याचा खर्च आईच्या रोजातून जातो. म्हणून थांबणे हा सद्गुण नव्हे आणि घाई हा दुर्गुण नव्हे. दोन्ही परिस्थितीची फळे आहेत, आणि परिस्थिती बदलता येते.

ती बदलायची तर आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. ज्या संशोधनाला जनतेचा पैसा जातो, मग ते कंपनीच्या प्रयोगशाळेत का असेना, तिथे अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी संशोधकांना किती जागा मिळाल्या याचा हिशेब दरवर्षी जाहीर झाला पाहिजे. फेलोशिप पगारासारखी महिन्याच्या महिन्याला मिळाली पाहिजे. उद्योगांचा सामाजिक जबाबदारीचा पैसा संशोधनाला देता येतो, त्यातला काही भाग ऊसतोड, गटारसफाई, वीटभट्टी, द्राक्षबागेतली फवारणी या कामांमधल्या माणसांच्या प्रश्नांवर लागला पाहिजे. आणि विषय ठरवणाऱ्या समित्यांवर ते काम केलेली माणसे बसली पाहिजेत.

सरकार करेल तेव्हा करेल, आपण काय करायचे? कारखाने उसाच्या टनामागे वर्गणी काढून संशोधन संस्था चालवू शकतात, तर नोकरीला लागलेले आपले बांधव पगारामागे वर्गणी काढून दोन संशोधक का सांभाळू शकत नाहीत? जयंतीच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढला, तरी सुरुवात होते. आमच्या अभ्यासवर्गाने तशी सुरुवात केली आहे. अकरा घरांनी दरमहा ठरावीक रक्कम द्यायचे कबूल केले आहे. रक्कम मोठी नाही. तिच्या आईचा रोज भरून निघणार नाही, पण प्रवेशाची फी आणि पुण्याला जायचे-यायचे भागेल. त्या मुलीने प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आहे.

या पैशातून आपल्याला परत काय मिळणार, असे एका काकांनी बैठकीत विचारले. प्रश्न रास्त होता. शेजारी बसलेल्या आजींनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "बडोद्याच्या राजाला काय मिळालं होतं?"

काकांनी खिशातून पैसे काढले.

जयभीम.